शितावरून भात कळतो, खडा नाही: विस्कॉन्सिनची हरणं आणि सीडब्ल्यूडी

तळ्याकाठी | १ डिसेंबर

पुण्याहून आत्याचा निरोप आला, "अरे, तुमच्याकडे झॉम्बी हरणं फिरतायत म्हणे. अंगणात जाऊ नकोस." सोबत तो नेहमीचा व्हिडिओ. हडकुळं हरीण, तोंडातून लाळ, मागे भुताच्या सिनेमाचं संगीत. आत्याला दोन ओळींत काय सांगणार, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी कबुली देऊन टाकतो. मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेला राहतो. गेल्या वर्षी डिसेंबरात शेजारच्या आजोबांनी पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरणाच्या मांसाचं पॅकेट दिलं. इथे ही पद्धतच आहे, आपण दिवाळीचा फराळ देतो तसं. बायकोने आलं-लसूण वाटून, मालवणी मसाला लावून सुकं केलं. चार मित्र जेवायला होते, भाकऱ्या कमी पडल्या. महिन्याभराने कुंपणापाशी गप्पा मारताना सहज विचारलं, टेस्ट केली होती ना? आजोबा म्हणाले, "हरीण चांगलं धष्टपुष्ट होतं की!"

तिथून माझं वाचन सुरू झालं.

रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी. घरात आम्ही त्याला खंगरोग म्हणतो. १९६७ साली कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल डिअर जातीची हरणं खंगून मरायला लागली. कोंडून ठेवल्यामुळे असेल, चाऱ्यात काही कमी पडत असेल, अशा समजुतीत दहा-अकरा वर्षं गेली. मग १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेने मेलेल्या हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर सगळी भोकं भोकं, अनारशाच्या जाळीसारखी. मेंढ्यांना होणाऱ्या स्क्रेपीच्या जातकुळीचा हा रोग आहे हे तेव्हा कळलं. १९८१ मध्ये रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या रानटी एल्कमध्ये (ही हरणाची मोठी जात) तो सापडला. आज अमेरिकेतली ३० पेक्षा जास्त राज्यं, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड अशी यादी आहे. लस नाही, औषध नाही, आणि लागण झालेलं जनावर वाचत नाही.

व्हिडिओतलं हरीण खोटं नसेलही, पण ते शेवटच्या काही आठवड्यांतलं. लागण झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षं हरीण दिसायला ठणठणीत असतं. चरतं, माजावर येतं, पिल्लं घालतं आणि लाळ, मूत, लेंड्या यांतून रोग मातीत सोडत राहतं. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाळत ठेवून उपयोग नाही. 'धष्टपुष्ट होतं की' हे वाक्य इथे कुचकामी आहे.

मग पाळत ठेवायची कशी? जिवंत हरणाच्या टॉन्सिलचा किंवा गुदाशयाचा तुकडा काढून तपासता येतो, पण त्यासाठी आधी हरीण पकडून बेशुद्ध करावं लागतं. हजारोंच्या संख्येने ते जमत नाही. म्हणून सगळी भिस्त शिकाऱ्यांवर. विस्कॉन्सिनमध्ये दरवर्षी तीन लाखांच्या आसपास हरणं शिकारीत मारली जातात. त्यातल्या जितक्यांची मुंडकी तपासायला येतील, तितकंच सरकारला दिसतं.

यंदा मी आजोबांबरोबर गेलो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. गावातली निम्मी माणसं भगव्या जाकिटात. माझ्यासारख्याला आधी वाटलं दिंडीच निघाली आहे. आजोबांच्या ट्रकमध्ये मागे एक नर आणि एक मादी. नमुने घ्यायच्या ठिकाणी घडीचं टेबल, त्यावर प्लॅस्टिक, निळे हातमोजे घातलेली एक मुलगी. तिने आधी ओठ बाजूला करून खालच्या जबड्यातली तिसरी दाढ बघितली. त्या दाढेला तीन उंचवटे म्हणजे दुधाची दाढ, हरीण अजून लहान. दोनच असले की पक्की दाढ, म्हणजे हरीण दीड वर्षाच्या पुढचं. मग जबड्याच्या मागे घशावर आडवा काप घेतला, आत बोट घालून चाचपलं आणि दोन बाजूंच्या दोन गाठी काढून ठेवल्या. सुपारीएवढ्या, फिकट, टणक. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं ना, त्याच जातीच्या, पण घशामागच्या. मला म्हणाली, शिकाऊ लोक हमखास लाळग्रंथी कापून आणतात. ती बोटाला रवाळ लागते, ही गुळगुळीत. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणात रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन मेंदूच्या आधी या गाठींत जमतं, म्हणून मेंदू उघडायच्या भानगडीत न पडता गाठी घेतात.

ज्यांना असं टेबल गाठता येत नाही त्यांच्यासाठी रस्त्याकडेला टपऱ्या ठेवल्यात. तिथे पिशवी असते, फॉर्म असतो. पाचेक इंच मान ठेवून मुंडकं कापायचं, हवी तर शिंगं काढून घ्यायची, हरीण नेमकं कुठे मारलं ते लिहायचं, पिशवी टाकायची आणि निघायचं. पैसे लागत नाहीत. दोनेक आठवड्यांत निकाल येतो.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. निकालाच्या कागदावर 'रोग नाही' असं लिहीत नाहीत, 'आढळला नाही' असं लिहितात. मला ती सरकारी चलाखी वाटली होती. पण आकडे मांडून बघा. एखाद्या तालुक्याएवढ्या भागात शंभरात एक हरीण बाधित आहे असं धरा. तिथली १०० मुंडकी तपासली, तर एकही बाधित न सापडण्याची शक्यता ३७ टक्के. म्हणजे रोग तिथे आहे, तुम्ही शंभर माना कापल्यात, तरी तिनातल्या एका खेपेला तुम्ही 'काही नाही' म्हणून घरी जाल. चुकण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर ३०० मुंडकी लागतात. हजारात एक बाधित असेल तर ३,०००. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. इथे भातातला खडा शोधायचाय, आणि त्याला शीत चालत नाही, परात लागते.

आजोबांची मुंडकी त्या परातीत गेली. निकाल यायचाय. मांस त्यांच्या फ्रीझरमध्ये मावलं नाही म्हणून अर्धं आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये आहे, नराच्या पुड्यांना निळी चिकटपट्टी, मादीच्या पुड्यांना पिवळी.

---

निरुताई | १ डिसेंबर

रुमाल टाकून ठेवते, रात्री नीट वाचेन. अनारसे मात्र आता वर्षभर घशाखाली उतरायचे नाहीत, त्याबद्दल निषेध.

---

खादाड_सातारकर | १ डिसेंबर

मस्त लिहिलंय. एक बाळबोध शंका. कुकरला पंचवीस शिट्ट्या दिल्या तर? आमच्याकडे बोकडाला तेवढ्या देतातच.

---

गुरांचा डॉक्टर | १ डिसेंबर

सातारकर, शंका बाळबोध नाही, पण उत्तर नाही असंच आहे. हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. प्रायॉन म्हणजे शरीरातलंच एक प्रथिन, चुकीची घडी पडलेलं. ते शेजारच्या नीट घडीच्या प्रथिनाला आपल्यासारखं करतं, ते त्याच्या शेजारच्याला. विरजणासारखं. फरक इतकाच की विरजणात जिवंत जंतू असतात, उकळलं की मेले. इथे मारायला जिवंत काही नाहीच. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं. इस्पितळात प्रायॉनचा संशय असलेली हत्यारं १३४ अंशांवर १८ मिनिटं ठेवतात किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवतात, आणि तेवढं केल्यावर मांस खाण्याजोगं उरेल असं वाटत नाही.

सुऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवलं की स्टीलवरचे प्रायॉन निकामी होतात, हे प्रयोगात दिसलंय. पण आधी मांसाचे कण घासून काढायचे, कारण तुकड्याच्या आत ब्लीच पोचत नाही.

शरीर या प्रथिनाला आपलंच समजतं, त्यामुळे ताप नाही, प्रतिपिंडं नाहीत. रक्ताचा थेंब घेऊन करायची सोपी चाचणी बनत नाही ती यामुळेच. प्रयोगशाळेत गाठीचा लगदा करून एलायझा ही रासायनिक चाचणी लावतात, त्यात काही दिसलं तर पातळ काप रंगवून खात्री करतात. आरटी-क्विक नावाची नवी पद्धत आली आहे. तिच्यात नमुन्यातलं चुकीचं प्रथिन चांगल्या प्रथिनाच्या द्रावणात घालून हलवत ठेवतात आणि दही लागतंय का ते बघतात. विरजणाची उपमा तिथे जास्त शोभते.

---

खादाड_सातारकर | १ डिसेंबर

म्हणजे माणसाला होतो की नाही ते सांगा ना. एवढं वाचून पोटात गोळा आलाय.

---

गुरांचा डॉक्टर | २ डिसेंबर

सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याची आजवर एकही सिद्ध नोंद नाही. लोक इतकी वर्षं ही हरणं खातायत, त्यातली कित्येक न तपासलेली. पण याच कुळातला गाईंचा रोग (मॅड काउ) ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला आणि तो माणसात आल्याचं १९९६ मध्ये उघड झालं. मधली दहा वर्षं 'गोमांस सुरक्षित आहे' असं सांगितलं जात होतं. ती चपराक सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं, सांगणं सरळ आहे: बाधित भागातलं हरीण तपासून घ्या, बाधित निघालं तर खाऊ नका. घाबरायचं कारण नाही आणि कुकरवर विसंबायचंही कारण नाही.

---

आकडेमोड | २ डिसेंबर

तीनशेचा हिशोब बरोबर आहे. तोंडी करायचा असेल तर ३ ला प्रमाणाने भागा: एक टक्क्याला ३००, दोन टक्क्यांना १५०, पाच टक्क्यांना ६०.

पण या हिशोबात एक मोठी लबाडी दडलेली असते, ती धागाकर्त्याने सोडून दिली. नमुने यादृच्छिक असले तरच हे खरं. प्रत्यक्षात काय होतं? शिकारी ट्रक लावता येईल तिथे जातो. एका मळ्यातून ८० मुंडकी येतात आणि पलीकडच्या दलदलीतून दोन. त्यात पांढऱ्या शेपटीच्या माद्या आईच्या आसपासच आयुष्य काढतात, मावश्या-बहिणींचा गोतावळा एका टापूत. रोग आधी अशा गोतावळ्यात साठतो. तुमचे तीनशे दुसऱ्याच टेकडीवरून आले असतील तर ते तीनशे नाहीत, फार तर पन्नास धरा.

दुसरं, सगळी मुंडकी सारख्या मोलाची नाहीत. प्रौढ नरांत हा रोग माद्यांच्या साधारण दुप्पट सापडतो. नर दूरवर भटकतात, अनेक कळपांत मिसळतात. पाडसांत क्वचितच. आणि आजारी दिसतं म्हणून कळवलेलं किंवा गाडीखाली आलेलं हरीण तर सोन्याच्या भावाचं, कारण बाधित जनावर गाडी आली तरी बावचळून उभं राहतं. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी गुण देतात, आजारी प्रौढाला पुष्कळ, पाडसाला नगण्य, आणि मुंडकी मोजण्याऐवजी गुणांची बेरीज करतात. शंभर पाडसं तपासून 'आमच्याकडे काही नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला या पद्धतीत लपता येत नाही.

---

तळ्याकाठी | २ डिसेंबर

आकडेमोड, मान्य. लबाडी नाही हो, आळस. मुलीने दाढ का बघितली ते तुमच्यामुळे नीट कळलं.

विस्कॉन्सिनची गोष्ट याच मुद्द्यासाठी सांगण्यासारखी आहे. इथे १९९९ पासून थोडे थोडे नमुने तपासत होते आणि दरवर्षी 'आढळला नाही'. २००१ च्या नोव्हेंबरात मारलेल्या हरणांपैकी माउंट होरेब गावाजवळचे तीन नर बाधित निघाले. फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर झालं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तोवर रोग कुठेच सापडला नव्हता, त्यामुळे हाहाकार. त्या एका वर्षात सुमारे ४० हजार हरणं तपासली. तेव्हा कळलं की तो आदल्या दिवशी आलेला पाहुणा नव्हता, बरीच वर्षं बिऱ्हाड करून होता.

दुसरा चटका २०१५ चा. तोवर मारलेलं हरीण नोंदणी केंद्रावर नेऊन दाखवावं लागायचं. केंद्र म्हणजे पेट्रोलपंप नाहीतर गावातला बार. तिथेच माणूस उभा करून गाठी घेता यायच्या, वय बघता यायचं. मग नोंदणी फोनवर आणि संगणकावर आली. लोकांची सोय झाली, पण मुंडकी आपोआप समोर येणं थांबलं. आजोबा आजही म्हणतात, बारमधली नोंदणी गेली आणि मजाही गेली. मला वाटायचं बिअरबद्दल बोलतायत.

आता वर्षाला १५ हजारांच्या पुढे नमुने होतात, पण ते ऐच्छिक. आमच्या पश्चिमेच्या काही पट्ट्यांत प्रौढ नरांपैकी तिनातल्या एकापेक्षा जास्त बाधित निघतात.

---

वनराई | ३ डिसेंबर

सगळं वाचलं. विषय चांगला पण मन विटलं. हरणं वाचवायची म्हणून हरणं मारायची, वर त्यांची मुंडकी टपरीत टाकायची. निसर्ग आपला तोल सांभाळतो, माणसाने मध्ये पडू नये एवढंच कळतं.

---

शिकागोचा वारा | ३ डिसेंबर

वनराई, भावना समजते, पण इथे शेजारी शेजारी दोन राज्यांत हा प्रयोग होऊन गेलाय. विस्कॉन्सिनने सुरुवातीला बाधित पट्ट्यातली हरणं जवळजवळ संपवायचा बेत केला. नेमबाज आणले, शिकारीचे दिवस वाढवले. लोक खवळले. निरोगी हरणं मारून ढीग लावताय, असा बोल लागला. पाच-सहा वर्षांत बेत गुंडाळला. आम्हा इलिनॉयवाल्यांकडे रोग २००२ च्या शेवटी, विस्कॉन्सिनच्या सीमेला लागूनच सापडला. इथे दर हिवाळ्यात, शिकारीचा हंगाम संपल्यावर, ज्या टापूत बाधित हरीण निघालं नेमकं तिथे सरकारी नेमबाज जातात आणि थोडीच हरणं टिपतात. गोतावळा तोडतात म्हणा. तपासून निर्दोष निघालेलं मांस गरजूंच्या धान्यकेंद्रांना जातं. रोग गेला नाही, पण कित्येक वर्षं इथलं प्रमाण काही टक्क्यांच्या पुढे सरकलं नाही, आणि पलीकडे वर सांगितलेली गत. मीही मांस खात नाही. पण आकडे आकडे आहेत.

आणि निसर्गाच्या तोलाबद्दल: वायोमिंग राज्यात माग काढणारे गळपट्टे लावून पांढऱ्या शेपटीच्या कळपाचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला. रोगामुळे कळप वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी घटत होता. साथ येऊन ओसरून जाते तसं हे नाही, कारण प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कळप विरळ झाला तरी माती तीच.

---

वनराई | ३ डिसेंबर

ठीक. पटलं असं नाही म्हणत, पण विचार करते.

---

फियॉर्डवाली | ३ डिसेंबर

नॉर्वेतून हजेरी. आमच्याकडे हे कसं उघडकीला आलं तो किस्सा ऐका. मार्च २०१६, नूरफिएला पर्वतभाग. रेनडिअरना गळपट्टे लावायला हेलिकॉप्टर घेऊन गेलेल्या लोकांना एक मादी आजारी दिसली, ती मेली. दमून मेली असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्यांनी ती प्रयोगशाळेत पाठवली आणि युरोपातला पहिला सीडब्ल्यूडी सापडला. रोग शोधायला कोणी गेलंच नव्हतं.

पुढचा निर्णय कठोर. त्या भागातला अख्खा रानटी कळप, दोन हजारांहून जास्त रेनडिअर, २०१८ च्या वसंतापर्यंत मारून टाकला आणि डोंगर काही वर्षं रिकामा ठेवायचं ठरलं. मेंढपाळ मेंढ्यांसाठी मिठाचे दगड ठेवतात, ते चाटायला रेनडिअर येतात आणि सगळ्यांची लाळ एकाच जागी. त्या जागांना कुंपणं घातली. आपल्या गावच्या पाणवठ्यासारखंच, एकाचं उष्टं सगळ्यांना. एवढं करून २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर पुन्हा एक बाधित सापडलाच. युरोपातला सगळ्यात मोठा रानटी रेनडिअरचा कळप तिथे राहतो. त्या संध्याकाळी ऑफिसमधले शिकारी सहकारी गप्प बसले होते, सुतक असल्यासारखे.

२०१६ पासून इथे लाखाहून जास्त जनावरं तपासली गेली. त्यातून एक वेगळीच गोष्ट निघाली. मूस या अवाढव्य हरणांच्या म्हाताऱ्या माद्यांमध्ये याच रोगाचा निराळा प्रकार दिसला, तो फक्त मेंदूत, गाठींत नाही. नुसत्या गाठी तपासल्या असत्या तर त्या सगळ्या 'आढळला नाही' मध्ये गेल्या असत्या. म्हणून इथे दोन्ही घेतात.

---

गुरांचा डॉक्टर | ४ डिसेंबर

हे फार महत्त्वाचं. वाचनखूण साठवली आहे.

एक भर घालतो, कारण यावर कोणी बोललं नाही. रोग पायी चालत जातो तो वर्षाला काही मैल. ट्रकने जातो तो एका रात्रीत. शिंगांसाठी, मांसासाठी हरणं आणि एल्क पाळणारी कुंपणबंद शेतं उत्तर अमेरिकेत भरपूर आहेत. दक्षिण कोरियात हा रोग पोचला तो कॅनडातून आणलेल्या एल्कबरोबर. तिथे कुठलं हरीण पॅसिफिक पोहून गेलं नव्हतं. नुसत्या रानावर पाळत ठेवून भागत नाही, विक्रीच्या पावत्यांवरही ठेवावी लागते.

---

काजूवाला | ४ डिसेंबर

हरणांचं माहीत नव्हतं, पण धागा वाचताना आमचं दोडामार्ग आठवत राहिलं. २०१६ पासून आमच्याकडे माकडताप. कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासानूरच्या जंगलात १९५७ मध्ये सापडलेला रोग, गोचिडीतून येतो. आमच्यासाठी मेलेलं माकड म्हणजे घंटा. काजूच्या हंगामात बागेत शिरण्याआधी लोक अंगाला गोचिडी दूर ठेवणारं तेल चोळतात आणि वर बघण्याऐवजी खाली बघत चालतात. "माकड मरान पडलेला गावला काय आधी फोन लावूचो," हे आता पोरांनाही पाठ. मग खात्याची माणसं येतात, माकडाची विल्हेवाट लावतात, आजूबाजूला फवारणी करतात, गोचिडी गोळा करून तपासायला नेतात.

फरक असा दिसतो की आमचं माकड मरून पडतं, दिसतं, वास येतो. तुमचं हरीण दोन वर्षं हिंडतं. पण शेवटी दोन्हीकडे सरकारचे डोळे म्हणजे गावातलाच माणूस. त्याला कंटाळा आला, किंवा फोन करूनही कोणी आलं नाही असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा तो फोन करत नाही. आमच्या वाडीत हे झालेलं आहे.

---

तळ्याकाठी | ४ डिसेंबर

काजूवाला, शेवटच्या दोन वाक्यांसाठी दंडवत. इथेही ऐकलंय: निकाल यायला उशीर झाला, तोवर सॉसेज करून खाऊन झालं, पुढच्या वर्षी मुंडकं कचऱ्यात.

---

निरुताई | ५ डिसेंबर

आता सगळं वाचलं. आपल्या चितळ-सांबरांचं काय? ताडोब्याला जाऊन आलो मागच्या महिन्यात, शेकड्याने चितळ.

---

गुरांचा डॉक्टर | ५ डिसेंबर

भारतात हा रोग आजवर नोंदलेला नाही. परदेशातून हरणं आणून पाळायचा धंदा आपल्याकडे नाही ही त्यातली जमेची बाजू. १९७२ च्या कायद्यापासून शिकारही बंद, त्यामुळे तीन लाख मुंडक्यांची परात आपल्याकडे नाही. आपल्याला मिळतं ते मेलेलं जनावर, तेही वाघाने, कोल्ह्याने किंवा गिधाडाने काही उरवलं तर. शिवाय आपल्या जंगलात खंगलेलं चितळ खंगलेलं म्हणून फार दिवस दिसत नाही, वाघ, रानकुत्रे आहेतच.

---

आकडेमोड | ५ डिसेंबर

'नोंदलेला नाही'. डॉक्टर, शब्द जपून वापरलात, बघतोय.

---

गुरांचा डॉक्टर | ५ डिसेंबर

धागाच तसा आहे.

---

तळ्याकाठी | १३ डिसेंबर

अद्यतन. आज निकाल आले. आजोबांना फोन नीट वापरता येत नाही, म्हणून मीच क्रमांक टाकून बघितले, त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून.

नर: आढळला नाही. मादी: आढळला.

आम्ही दोघंही नराच्याच काळजीत होतो. मादी चार वर्षांची, पाठीवर दोन बोटं चरबी. आजोबा काही बोलले नाहीत. टोपी घातली आणि आमच्या गॅरेजमध्ये आले. पिवळ्या पट्टीच्या पुड्या मोजल्या, अकरा. त्यांच्याकडच्या चौदा. दुहेरी काळ्या पिशव्यांत भरल्या आणि हरणांच्या अवशेषांसाठी हंगामात ठेवलेल्या मोठ्या कचराकुंडीत टाकून आलो, तिथून ते बंदिस्त कचराभूमीत जातं. रानात टाकलं असतं तर पुन्हा मातीत. सुऱ्या आणि लाकडी पाट ब्लीचमध्ये घालायला मी सांगितलं. पाट त्यांनी सरळ फेकून दिला, त्यांच्या वडिलांचा होता.

---

खादाड_सातारकर | १३ डिसेंबर

बाप रे. निळ्या पट्टीचं खाणार का मग?

---

तळ्याकाठी | १३ डिसेंबर

बायको म्हणते बघू. आजोबा म्हणतात, नर दुसऱ्या टोकाच्या ओढ्याकाठी मारला होता, मादी घरामागच्या टेकाडावर.

परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, गेल्या वर्षी मी दिलेलं पॅकेट तुम्ही खाल्लंत का? हो म्हटलं. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. ते हरीणही त्याच टेकाडावरचं.